डिझेल मिस्त्री घडवायचा कुठे आणि कधी? वऱ्हाडातल्या प्रशिक्षणाचा आढावा

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून आणि १५९४पासून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीमुळे हे नाव महाराष्ट्रभर पोचले आहे. गावाचा रोजचा व्यवहार मात्र आसपासच्या कुठल्याही गावासारखा डिझेलवर चालतो. नांगरणी ट्रॅक्टरने होते, सोयाबीन मळणीयंत्रातून किंवा पंजाबातून आलेल्या हार्वेस्टरमधून निघते, कापूस ट्रकने जिनिंगला जातो, वरुड-मोर्शीची संत्री रातोरात बाहेरगावी रवाना होतात आणि कॉलेजची मुले एसटीने तिवसा-अमरावती गाठतात. जूनमध्ये पाऊस पडून वाफसा आला आणि नेमका त्याच दिवशी ट्रॅक्टर अडला, तर दोन दिवसांचा उशीरही पेरणीला भोवतो. अशा वेळी शेतकरी कृषी अधिकाऱ्याच्या आधी मिस्त्रीला फोन लावतो. गावच्या शेतीत मिस्त्रीचे स्थान इतके मोलाचे असूनही त्याच्या शिक्षणाचा विचार फार थोड्यांनी बारकाईने केला आहे.

कौंडण्यपुरातल्या दहावी झालेल्या मुलाला हे काम शिकायचे असेल तर आज त्याच्यापुढे तीन-चार वाटा आहेत. तालुक्याच्या किंवा अमरावतीच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा ट्रेड करावा, नदी ओलांडून वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीला जावे, हायवेवरच्या एखाद्या गॅरेजात हाताखाली राहावे, किंवा आयटीआय आटोपून एसटीच्या आगारात नाहीतर ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये शिकाऊ उमेदवार व्हावे. यांतली कोणती वाट खरी, यावर गेली काही दशके चर्चा चालू आहे. ती बहुतेक ‘कुठे शिकवायचे’ याच प्रश्नाभोवती फिरत राहिली. सगळ्या बाजू मांडून पाहिल्यावर माझे मत असे होते, की ‘कधी शिकवायचे’ हा प्रश्न निदान तितकाच मोठा आहे आणि तो मागे पडला आहे. आपली सारी व्यवस्था मुलाला कामाला लागण्यापूर्वी एकदाच शिकवते. त्यानंतरच्या ३०-३५ वर्षांत इंजिन तीनदा बदलले तरी त्याला परत वर्गात घेत नाही.

व्यवस्था कशी उभी राहिली

आयटीआयचे मूळ दुसऱ्या महायुद्धात सापडते. सैन्यातून मोकळ्या झालेल्या जवानांना नागरी रोजगारात बसवण्यासाठी १९४५मध्ये केंद्रीय संचालनालय निघाले आणि त्यातूनच १९५०मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. आजच्या सगळ्या आयटीआय याच योजनेखाली चालतात. १९५६मध्ये संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र यांची चौकट केंद्राकडेच राहिली. ही विभागणी अजून टिकून आहे, म्हणून वऱ्हाडातल्या वर्कशॉपमध्ये काय शिकवायचे याचा आराखडा दिल्लीत ठरतो आणि निदेशकाची रिकामी जागा भरायची की नाही, हे मुंबईत. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१चा आहे. ज्याचे शिक्षण वर्गात झाले त्याला कारखान्यात हात बसवण्याची संधी मिळावी आणि मालकावर तशी जबाबदारी असावी, हा त्याचा हेतू होता.

त्याच काळात डिझेल इंजिन महाराष्ट्राच्या खेड्यात शिरले. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा खडकीचा कारखाना १९४६चा. त्याची इंजिने विहिरींवर बसली आणि गावोगावी इंजिन उघडून बसवणारा पहिला मिस्त्री तयार झाला. १ जून १९४८ला एसटीची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली. पुढे विभागीय कार्यशाळा आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा झाल्या आणि महामंडळ हे राज्यातले डिझेलचे फार मोठे शिक्षणकेंद्र बनले, जरी त्याला कुणी शाळा म्हटले नाही. १९६३पासून मुंबईत महिंद्राचे ट्रॅक्टर बनू लागले. नागपूरच्या हिंगण्यातही त्यांचा कारखाना आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या शकुंतला गाडीचे वाफेचे इंजिन थेट १९९४मध्ये जाऊन डिझेलला वाट करून देते झाले. वऱ्हाडात डिझेलचा प्रवेश असा टप्प्याटप्प्याने झाला आणि प्रत्येक टप्प्यावर माणसे बहुतांशी कामावरच शिकली.

कामावरच्या माणसाला परत शिकवण्याची कल्पना आपल्याकडे कधीच नव्हती, असे मात्र नाही. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात औद्योगिक कामगारांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले जात होते. १९७७मध्ये प्रगत व्यवसाय प्रशिक्षणाची स्वतंत्र योजना आली आणि मुंबईच्या केंद्रीय संस्थेसह निवडक आयटीआयमध्ये कामगारांचे कौशल्य अद्ययावत करणारे छोटे अभ्यासक्रम सुरू झाले. तिचा रोख मालकाने पाठवलेल्या कारखाना-कामगारांवर होता. तिवशाच्या गॅरेजवाल्याला पाठवणारा मालक नसतो, तो स्वतःच मालक असतो. त्यामुळे हा दरवाजा त्याच्यासाठी कागदावर उघडा आणि व्यवहारात बंद राहिला. १९८८च्या सुमारास राज्यात अकरावी-बारावीला किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आले, त्यांत वाहनदुरुस्तीही होती; तीही पुन्हा अठरा वर्षांच्या आतल्यांचीच सोय.

२००० सालानंतरचा काळ सुधारणांचा आहे. २००७-०८मध्ये देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयना उद्योगांच्या भागीदारीसाठी प्रत्येकी अडीच कोटींचे बिनव्याजी कर्ज देण्याची योजना निघाली. शिकाऊ उमेदवारी कायद्यात २०१४मध्ये मोठी दुरुस्ती झाली, २०१६मध्ये विद्यावेतनाचा काही भाग केंद्राने उचलण्याची योजना आली आणि त्याच वर्षी वर्ग व कारखाना असे विभागलेले दुहेरी प्रशिक्षण सुरू झाले. २०२२च्या फेररचनेत एक वर्षाच्या ट्रेडचे एकूण १,२०० तास ठरले: ८४० प्रात्यक्षिकाचे, २४० तात्त्विक भागाचे, १२० रोजगारक्षमतेचे; शिवाय १५० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी. मे २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,००० शासकीय आयटीआयच्या सुधारणेसाठी ६० हजार कोटींची योजना मंजूर केली. त्यातले ३० हजार कोटी केंद्राचे, २० हजार राज्यांचे आणि १० हजार उद्योगांचे अपेक्षित आहेत. पैसा आजवरच्या कुठल्याही योजनेपेक्षा जास्त आहे, म्हणूनच तो कशासाठी वापरायचा हे आता स्पष्ट बोलले पाहिजे.

इंजिन कितीदा बदलले

जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन एका सिलिंडरवर नीट मारत नसेल, तर मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका नोजलच्या पाइपचा नट पान्याने किंचित सैल करतो. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता हे त्याला कळते. डिझेलची लाइन मधेच कोरडी पडली तर फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून, हातपंप मारून, फेस जाऊन स्वच्छ धार येईपर्यंत तो हवा काढतो. या दोन्ही रीती बरोबर आहेत, हुशारीच्या आहेत आणि त्यांना कुठलेही महागडे उपकरण लागत नाही. अशा इंजिनात नोजल साधारण दोन-अडीचशे बार दाबाला उघडते.

२०२०नंतरच्या ट्रकमध्ये हीच रीत जिवावर बेतू शकते. तिथे सगळ्या नोजलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला दाब १,६०० बारच्या पुढे जाऊ शकतो. इंजिन चालू असताना तिचा नट सैल केला तर सुईसारखी बारीक धार हातमोज्यातून कातडीत घुसते. जखम वरून ठिपक्याएवढी दिसते आणि आत डिझेल गेलेले असते. त्या ट्रकवर कोणता सिलिंडर कमजोर आहे हे स्कॅनर जोडून पाहायचे असते. तिथेही स्कॅनर सांगतो ते लक्षण, रोग नव्हे. नळीतला दाब कमी असल्याचा कोड आला तर फिल्टर चोंदला असेल, पंप झिजला असेल, एखादे नोजल परतीच्या वाटेने जास्त डिझेल सोडत असेल, सेन्सर खोटे बोलत असेल किंवा वायरीचा पिन हिरवा पडला असेल. धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाचा दर्जा बिघडला तर इंजिन यांत्रिक दृष्ट्या ठणठणीत असूनही गाडी आपली ताकद आपणच कमी करून घेते. इथे हाताच्या कसबाला विजेच्या मोजमापाची आणि क्रमाने तपासत जाण्याच्या शिस्तीची जोड लागते.

हा बदल किती वेगाने झाला ते तारखांवरून दिसते. वाहनांच्या धुरासाठीचे भारत स्टेज (बीएस) तीनचे निकष देशभर २०१०मध्ये लागू झाले, चारचे एप्रिल २०१७मध्ये, आणि पाच गाळून थेट सहाचे १ एप्रिल २०२०ला. म्हणजे शेवटच्या दोन पिढ्यांत फक्त तीन वर्षांचे अंतर. ट्रॅक्टरचा हिशेब वेगळा आहे. ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरना नवे निकष जानेवारी २०२३पासून लागले. आपल्याकडच्या शेतात चालणारे बहुसंख्य ट्रॅक्टर त्याखालचे असल्याने ते जुन्या पद्धतीच्या पंपावरच आहेत. परिणामी वऱ्हाडातल्या एकाच गॅरेजसमोर एका दिवशी तीन काळांतली इंजिने उभी असतात, आणि कोणती रीत कुठे चालते व कुठे घातक ठरते, हे एकाच माणसाला कळावे लागते.

कोण काय म्हणते

आयटीआयची बाजू घेणारे पायाभूत हातकामावर भर देतात. फायलिंग, मायक्रोमीटरने बोअर मोजणे, वाल्व लॅप करणे, टॅपेटची फट फीलर गेजने बसवणे, टॉर्क पान्याने हेडचे बोल्ट ठरल्या क्रमाने कसणे, हे सारे पद्धतशीर आणि कारणांसह शिकवणारी दुसरी जागा गरीब घरच्या मुलाला परवडत नाही. गॅरेजात मूल दोन वर्षे पाने धुण्यात आणि चहा आणण्यात घालवते. शिकवायचे की नाही हे वस्तादाच्या मर्जीवर असते. हेडचे बोल्ट अंदाजाने आवळले तरी कुणी विचारत नाही. शिवाय आयटीआयच्या प्रमाणपत्रावर एसटी, रेल्वे, संरक्षण कारखाने यांची दारे उघडतात. या पक्षाचा दावा असा, की अभ्यासक्रमात आता सामाईक नळीची इंजिने आणि स्कॅनरही आले आहेत. अडचण आहे ती यंत्रसामग्रीची आणि निदेशकांच्या रिक्त जागांची, पद्धतीची नाही. नीती आयोगाच्या २०२३च्या आयटीआयविषयक अहवालाचा सूरही बराचसा याच दिशेचा आहे.

गॅरेजची बाजू मांडणारे आकड्यांवर बोट ठेवतात, आणि ते आकडे वजनदार आहेत. २०२३-२४च्या आर्थिक पाहणीने श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या आधारे दिलेल्या माहितीनुसार १५ ते २९ वयोगटात औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण मिळालेले ४.४ टक्के आहेत, तर अनौपचारिक मार्गाने शिकलेले १६.६ टक्के. देशाची गाडी खरोखर कोण चालती ठेवते, हे त्यातून उमगते. गॅरेजात बिघाड खरा असतो, गिऱ्हाईक समोर उभे असते आणि चूक झाली तर गाडी परत येते. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये २४ मुलांच्या तुकडीसमोर एकच इंजिन वर्षानुवर्षे उघडले-बांधले जाते. ते कुठे जायचे नसल्याने बिघडतही नाही. म्हणून हे लोक म्हणतात, की नवी इमारत बांधण्यापेक्षा वस्तादालाच प्रशिक्षक माना, त्याला मानधन द्या आणि पूर्वी मिळवलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची २०१५पासूनची सोय गांभीर्याने राबवा. या शेवटच्या सोयीविषयी आक्षेप आहेच: दोन-चार दिवसांच्या चाचणीनंतर मिळणारा कागद जे येते त्यावर शिक्का मारतो, जे येत नाही ते शिकवत नाही.

तिसरी बाजू उत्पादकांची. नवी इंजिने, त्यांची सॉफ्टवेअरे आणि बिघाडांची ताजी माहिती कंपनीकडेच असते. त्यामुळे कंपनीच्या लॅबमध्ये शिकलेला मुलगा पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये ही पद्धत जुनी आहे. जॉन डिअरने १९८९मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात विद्यार्थी काही आठवडे कॉलेजात आणि काही आठवडे वितरकाच्या वर्कशॉपमध्ये असतो. शिकायची यंत्रे कंपनी पुरवते. आपल्याकडचे दुहेरी प्रशिक्षण याच वळणाचे आहे. त्यावरचा आक्षेप असा, की असा मुलगा एका रंगाच्या ट्रॅक्टरचा मेकॅनिक होतो. शिवाय मोठे वितरक अमरावती-अकोल्यात. तिवसा, दर्यापूर किंवा बाळापूरच्या खेड्यातली आयटीआय जोडून घेणार कुणाला?

चौथी बाजू शिक्षणाच्या शिडीची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४मध्ये कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली, २०१४मध्ये व्यवसाय पदवी आणली, २०२०च्या शैक्षणिक धोरणाने व्यवसाय शिक्षण आणि पदवी यांच्यातली भिंत पाडण्याचे ठरवले, २०२३मध्ये श्रेयांकांची राष्ट्रीय चौकट आली. डिझेल मेकॅनिक झालेल्याला पुढे डिप्लोमा, पदवी गाठता यावी, कमी गुण मिळालेल्यांचे शिक्षण हा ठपका जावा, ही यामागची इच्छा आहे आणि ती मनापासून पटते. प्रत्यक्षात मात्र या योजनांतल्या कॉलेजांना गॅरेजचा खर्च झेपत नाही. संगणक, आतिथ्य, बँकिंग असे खडू-फळ्यावर निभावणारे विषय घेणे त्यांना सोपे पडते. डिझेल इंजिन घेणारे विरळाच.

‘कधी’ हा प्रश्न

चारही बाजू ज्या विद्यार्थ्यासाठी भांडतात तो सोळा-सतरा वर्षांचा आहे. पण वर जो बदल सांगितला त्याचा खरा फटका चाळिशीतल्या मिस्त्रीला बसला आहे. २००० साली आयटीआय करून गॅरेज टाकलेला माणूस यांत्रिक पंपावर पोसला गेला. २०१७ आणि २०२०चे दोन धक्के त्याने व्हिडिओ बघून, नागपूरच्या एखाद्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन करून आणि गिऱ्हाइकाच्या गाडीवर प्रयोग करून पचवले, किंवा तसली गाडी घेणेच सोडून दिले. तो मागे पडला की नुकसान त्याच्या एकट्याचे होत नाही; त्याच्या हाताखालची मुले तो जे जाणतो तेच शिकतात. आयटीआयमधून ताजे ज्ञान घेऊन आलेला मुलगा अशा गॅरेजात लागला, की वर्षभरात तोही स्कॅनरऐवजी नट सैल करू लागतो, कारण गॅरेजात तीच रीत आहे आणि वस्तादाला उलटे सांगण्याची त्याची प्राज्ञा नसते. म्हणून नव्या पिढीवर केलेला खर्चही जुन्या पिढीला शिकवल्याखेरीज फळत नाही. आयटीआय की गॅरेज, हा वाद इथे अपुरा पडतो, कारण शेवटी आयटीआयचा मुलगा गॅरेजातच जातो.

परदेशातल्या ज्या व्यवस्थांचे दाखले दिले जातात, त्यांचा हाच भाग आपण उचललेला नाही. अमेरिकेत १९७२पासून वाहनदुरुस्ती तंत्रज्ञांची स्वेच्छेने घ्यायची परीक्षा आहे आणि तिचे प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नवे करावे लागते. कम्युनिटी कॉलेजच्या ज्या वर्कशॉपमध्ये दिवसा विशीतली मुले शिकतात तिथेच संध्याकाळी नोकरदार तंत्रज्ञ येऊ शकतात. जर्मनीने २००३मध्ये वाहन-यांत्रिकी आणि वाहन-वीज असे वेगवेगळे व्यवसाय एकत्र करून साडेतीन वर्षांचा एकच व्यवसाय केला, कारण बिघाड इंजिनात आहे की तारेत, हे दोघांनी निरनिराळे शोधण्यात अर्थ उरला नव्हता. आपली आयटीआयची इमारत बहुतेक ठिकाणी संध्याकाळी मोकळी असते. तिथले यंत्र, तिथला निदेशक आणि तिथली वीज संध्याकाळी आणि हंगाम नसताना मिस्त्रीला मिळाली, तर कम्युनिटी कॉलेज या कल्पनेतला सर्वांत उपयोगी भाग नवी संस्था न काढता तालुक्यात उतरू शकतो.

यावर पहिला आक्षेप मजुरीचा. हातावर पोट असलेला मिस्त्री आठवडाभर दुकान बंद ठेवणार कसा? आक्षेप खरा आहे, पण त्याला सरकारी धोरणातच उत्तर आहे. सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कारागिराला काही दिवसांचे प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये आणि १५ हजारांच्या अवजारांची मदत मिळते. योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. लोहार आहे, सुतार आहे, कुलूप बनवणारा आहे. खेड्यातले पाऊण शतकाचे डिझेलचे काम अजून पारंपरिक गणले जात नाही, म्हणून मिस्त्री तिच्या बाहेर आहे. तत्त्व मान्य असेल तर यादी वाढवणे किंवा राज्याने समांतर सोय करणे अशक्य नाही. वेळेचेही नियोजन होऊ शकते: पेरणी आटोपल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात ट्रॅक्टरचे काम मंदावते, तेव्हा वर्ग ठेवावेत, मे-जून किंवा ऑक्टोबरात ठेवले तर एकही जण येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. शिकवणार कोण आणि कशावर? निदेशक स्वतः ज्या काळात शिकला त्या काळाचे इंजिन जाणतो, आणि नव्या इंजिनाचे सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या अधिकृत वर्कशॉपपुरते राखून ठेवलेले असते. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत शेतीची अवजारे आणि वाहने दोन्ही होती. त्या वर्षअखेर माहितीचे संकेतस्थळही सुरू झाले. कंपन्यांवर कायद्याचे बंधन मात्र त्यातून आलेले नाही. तोवर हाताशी असलेले करता येते. एसटीच्या कार्यशाळेत नव्या गाड्या रोज हाताळणारे अनुभवी मेकॅनिक आहेत, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे शिक्षक आणि यंत्रे आहेत. मध्य प्रदेशातल्या बुधनीची केंद्रीय शेतीयंत्र संस्था १९५५पासून ट्रॅक्टर चालवण्याचे व राखण्याचे शिक्षण देते आहे. या तिघांची आयटीआयशी गाठ घालून देणे हे पैशापेक्षा आदेशाचे काम आहे. बिघाड शोधण्याची मूळ रीतही कुठल्या एका कंपनीची नसते. मल्टीमीटरने सेन्सरचा व्होल्टेज मोजणे, प्रत्येक नोजलची परत येणारी धार बाटलीत धरून तुलना करणे, साध्यापासून सुरुवात करून एकेक शक्यता बाद करणे, हे जुन्या बीएस-चार इंजिनावरही पुरते शिकवता येते.

तिसरा आक्षेप विजेच्या गाड्यांचा आहे, आणि तो हल्ली सगळ्यात मोठ्याने मांडला जातो. एसटीने ५,१५० विजेच्या बसगाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला आहे; त्यांची देखभाल ठेकेदाराकडे आहे. मग डिझेलवर खर्च कशाला? या आक्षेपात तथ्य इतकेच, की डिझेल ट्रेडच्या जागा आंधळेपणाने वाढवू नयेत. आज विकत घेतलेला ट्रॅक्टर किंवा ट्रक पंधरा वर्षे सहज चालतो, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जातो आणि तेव्हाच त्याला दुरुस्ती जास्त लागते. समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये मुंबईपर्यंत पूर्ण खुला झाला. त्याच्यावरून आणि अमरावती-अकोल्याच्या जुन्या सहा नंबरच्या हायवेवरून जाणारी जड वाहतूक अजून डिझेलचीच आहे. उलट ज्या मिस्त्रीला बीएस-सहाची वायरिंग आणि सेन्सर समजले, त्याला विजेच्या वाहनाकडे वळणे सोपे जाईल. फक्त पंप आणि नोजल जाणणाऱ्याला ती उडी जमणार नाही. म्हणून विजेच्या गाड्यांचा मुद्दा कामावरच्या मिस्त्रीला परत शिकवण्याच्या विरोधात जात नाही, त्याच्या बाजूनेच उभा राहतो.

न सुटलेले

पहिला न सुटलेला प्रश्न पगाराचा. आयटीआय झालेल्या शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन २०१९च्या नियमांनुसार महिन्याला ७ हजार ठरले. राज्याने २०२४मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत आयटीआयवाल्याला ८ हजार ठरवले. कौंडण्यपूर-तिवशाचा मुलगा अमरावतीत खोली घेऊन राहिला तर यात त्याचे भागत नाही, म्हणून तो पुण्या-चाकणच्या कंत्राटी नोकरीकडे जातो, जिथे डिझेलचे शिक्षण अनेकदा कामालाच येत नाही. जिल्ह्यासाठी शिकवलेला मिस्त्री जिल्ह्यात राहावा याचे उत्तर प्रशिक्षणाच्या धोरणात नाही, आणि ते तिथे शोधावे की नाही, यावरही एकमत नाही.

दुसरा प्रश्न परीक्षेचा. तात्त्विक परीक्षा आता संगणकावर पर्यायी प्रश्नांची होते. तिने निकाल वेळेवर लागतात, कॉपीला आळा बसतो. पण बिघाड शोधण्याची क्षमता चार पर्यायांतून कळत नाही. समोर मुद्दाम बिघडवलेले इंजिन ठेवून, उमेदवार कोणत्या क्रमाने तपासतो याला गुण द्यावेत, ही मागणी रास्त आहे. तिला लागणारा वेळ, परीक्षक आणि इंजिने हजारो केंद्रांवर आणायची कुठून, याचा हिशेब मांडला गेलेला नाही. मुलींचा प्रश्नही असाच न सुटलेला आहे. इलेक्ट्रिशियन आणि संगणकाच्या ट्रेडला मुली येऊ लागल्या, डिझेलला त्या क्वचित दिसतात. स्कॅनर, मल्टीमीटर आणि पंप-नोजलच्या टेस्ट बेंचवरच्या कामाला अंगबळ फारसे लागत नाही, हे पालकांपर्यंत पोचवण्याचा प्रयत्न कुठल्याच बाजूने नेटाने केलेला नाही.

तिसरा प्रश्न तारखेचा आहे आणि वऱ्हाडाच्या दृष्टीने तो सर्वांत निकडीचा. ट्रॅक्टरसाठी प्रदूषणाच्या पुढच्या टप्प्याचे निकष लागू करण्याची तारीख आजवर एकाहून अधिक वेळा पुढे ढकलली गेली आहे. किंमत वाढेल ही शेतकऱ्यांची आणि कंपन्यांची काळजी खरी आहे. पण ज्या दिवशी ५० अश्वशक्तीखालच्या ट्रॅक्टरलाही हे निकष लागतील, त्या दिवसापासून सामाईक नळीचे इंजिन हायवेवरून उतरून शेतात येईल, आणि ट्रकवाल्यासारखा अमरावतीच्या शोरूमपर्यंत गाडी ओढून नेण्याचा वेळ शेत वाफशावर आलेल्या शेतकऱ्याकडे नसेल. तो ट्रॅक्टर सगळ्यात आधी ज्याच्या दारात उभा राहील, त्या मिस्त्रीला शिकवण्याची जबाबदारी आज कुठल्याही एका खात्याच्या नावावर नाही: कौशल्य विकास खाते अठराच्या आतबाहेरच्या मुलांपुरते पाहते, कृषी खाते यंत्रावरच्या अनुदानापुरते आणि परिवहन खाते धुराच्या प्रमाणपत्रापुरते. ६० हजार कोटींच्या नव्या योजनेचे जिल्हावार आराखडे बनताना ही जबाबदारी नेमकी कुणाकडे जाते, यावर तालुक्याच्या आयटीआयचा दिवा संध्याकाळी सहानंतर लागेल की नाही, हे ठरेल.